अंश-दिवस

क्विंचाओ बेटावर दिवस दोन तऱ्हांनी मोजतात.
एक भिंतीवरच्या कॅलेंडरात,
तिथे जुलैचा दिवस जानेवारीएवढाच.
दुसरा पिंजऱ्यांच्या वहीत:
पाणी अकरा अंशांवर असलं तर आज अकरा झाले,
नऊवर असलं तर नऊच.
औषध दिल्यापासूनची बेरीज ठरल्या आकड्याला टेकेपर्यंत
सॅमन विकायचा नाही.
आई विणताना टाके मोजते तशी
एलिआना रेमोल्कॉय ही बेरीज ओठांत ठेवते.

यंदा जखमा लवकर आल्या.
खाद्याच्या दाण्यांना माखून अँटिबायोटिक दिलं.
ते संपतं न संपतं तोच उवा,
आणि उवांमागून उवांचं औषध.
तराफ्यावर सेगुंदोने दोन्हींची नोंद केली,
एक निळ्या शाईत, एक हिरव्या,
जणू ती दोन वेगळ्या माशांच्या पोटात जाणार होती.

प्रयोगशाळेत बर्फावर काळजाचा तुकडा.
म्हणजे खरोखरच: नखाएवढा, तपकिरी,
पित्त टिपून घेतलेला.
(मी मराठीत सांगतोय म्हणून काळीज.
आपल्याकडे यकृतालाही तेच आणि हृदयालाही तेच,
तिच्या भाषेत दोन्हींचे शब्द एकमेकांना ओळखत नाहीत.)
ती तो दळते, काळजाचं पाणी करते,
आणि यंत्रात फिरवते, इतकं जोरात
की ज्याला वजनच नाही म्हणावं तेही तळाशी बसतं:
गुलाबीसर थर, झिजलेल्या साबणाच्या चिपेसारखा.

इथे राहतात ते एन्झाइम.
आत शिरलेल्या प्रत्येक परक्याला पकडायचं,
पाण्यात विरघळेल असं करायचं,
वाटेला लावायचं.
सहज दिसत नाहीत.
कार्बन मोनॉक्साइड सोडावा लागतो,
बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्यांना नेतो तोच;
त्याने धरलं की मग
साडेचारशे नॅनोमीटरवर रेषा उठते.

पिंजरा सातची रेषा उठली.
सगळे हजर होते.
मग तिने त्यांना काम देऊन पाहिलं,
घड्याळ लावून, एक मिनिट, पुन्हा एक मिनिट.
निम्मंसुद्धा झालं नाही.
हजर होते, फक्त
प्रत्येकाच्या हातात आधीच कोणीतरी होतं.

म्हणजे दुसरं औषध
दाराशी तिष्ठत होतं अजून, मांसात, त्वचेखाली,
आणि वहीत बेरीज पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.
तिने कंपनीला लिहिलं.
उत्तरात वहीच्या पानाचा फोटो आला.

रविवारी मिल्काओ तळताना बापाचा घोळणा फुटला.
एर्मेलिंदो रेमोल्कॉय, सहा वर्षं हृदयाची झडप,
सहा वर्षं रक्त पातळ ठेवायची अर्धी गोळी.
बटाट्याच्या पिठात थेंब पडला, मग धार.
“काही नाही,” तो म्हणाला, “चुलीच्या धगीनं.”
रुमाल भरला. टॉवेल घेतला.
आणि कपाटावर, साखरेच्या डब्यामागे,
तिला नवं पाकीट दिसलं.
“दाढेसाठी,” आई म्हणाली, “दवाखान्यातल्या पोरीनं दिलं.”
“कधीपासून?”
“मंगळवार.”

मंगळवार, बुध, गुरू, शुक्र, शनी.
पाच. गुणिले सदतीस.
एकशे पंच्याऐंशी, तिच्या ओठांनी सांगितलं,
तिने विचारलं नव्हतं तरी.
सहा वर्षं ती माशांची काळजं उघडून बघत होती,
आणि घरातल्या गोळ्या
साखरेच्या डब्यामागे.

दाल्काउएच्या फेरीवर वारा होता.
बाप टॉवेल नाकाला लावून कठड्याशी उभा,
समोर पिंजऱ्यांच्या काळ्या गोल कड्या,
मध्येच एखादा मासा हवेत वळून पुन्हा आत.
“सातवा झाला ना विकायला?” टॉवेलमागून त्याने विचारलं.
“वहीत झाला.”
तो हसला असावा; टॉवेल हलला.
ती घडी बदलायला पुढे सरकली.
कोरडी बाजू फारशी उरली नव्हती,
आणि समोरचा धक्का
होता तिथेच होता.